थकलेल्या माणसांचे वैद्यक

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एखाद्या गावात सहज घडावी अशी एक घटना डोळ्यांसमोर आणू. ७८ वर्षांच्या आजी जुन्या घरात एकट्याच राहतात. मुलगा आखातात आहे, मुलगी फोंड्याला. रक्तदाब वाढला म्हणून त्यांना ॲम्लोडिपिन सुरू झाले. काही आठवड्यांनी पावलांना सूज आली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली. आता रात्री तीन-चार वेळा उठावे लागू लागले, आणि संडास तर मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून. तिसऱ्या ठिकाणी मूत्राशय शांत ठेवणारी गोळी मिळाली. तिने तोंड कोरडे पडू लागले, पोट साफ होईना आणि संध्याकाळी आजी असंबद्ध बोलू लागल्या. आषाढातल्या एका पहाटे चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. केसपेपरवर नोंद झाली ती एवढीच : ‘पाय घसरून पडल्या.’

या साखळीत कोणाही डॉक्टरची ढोबळ चूक नाही. ॲम्लोडिपिनमुळे सूक्ष्म रोहिण्या सैलावतात, केशवाहिन्यांतील दाब वाढतो आणि द्रव घोट्याभोवतीच्या ऊतींत झिरपतो. म्हणजे ही सूज शरीरात पाणी जास्त झाल्याची नसतेच आणि लघवी वाढवून ती नीट ओसरत नाही. औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर आणखी एक औषध दिले जाते, तेव्हा औषधामागे औषध अशी ही माळ तयार होते. ती ओळखायला तीनही चिठ्ठ्या एकाच माणसाच्या हाती याव्या लागतात. अतिक्षीण वृद्धांना औषधे, आहार, घरची मदत, ने-आण हे सारे वस्तीतच एका चमूकडून मिळावे अशी एकत्रित सेवा उभारायची, तर तिला एक वैद्यकीय प्रमुख लागतो, तो आधी यासाठी.

‘आजी आता थकल्या’ असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हा त्या दमल्या एवढाच अर्थ नसतो. वैद्यकाने या अवस्थेची मोजता येईल अशी व्याख्या बरीच उशिरा केली. २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा मांडल्या : प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोंच्या आसपास घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल झालेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर ती व्यक्ती क्षीण, एक-दोन असतील तर त्या उंबरठ्यावर. क्षीणता म्हणजे एखादा विशिष्ट रोग नव्हे. स्नायू, हृदय, मूत्रपिंडे, मेंदू या सगळ्यांची राखीव ताकद एकाच वेळी ओसरलेली असणे होय. तरण्याताठ्या माणसाला दोन दिवस झोपवणारा ताप अशा व्यक्तीला कायमचे अंथरुणाला खिळवू शकतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटला. आणि ही माणसे निरोगी होती, क्षीण नव्हे.

क्षीण शरीराचा आणखी एक स्वभाव वैद्याला चकवतो. फुप्फुसाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही, खोकलाही नसेल. आजी नुसत्या जेवत नाहीत, नेहमीपेक्षा जास्त झोपतात किंवा दोनदा पडतात, एवढीच रोगाची वर्दी. तहानेची जाणीव मंदावलेली असल्याने शरीर कोरडे पडत जाते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. अशा खुणा महिन्यातून एकदा, दहा मिनिटे तपासणाऱ्या डॉक्टरला दिसत नाहीत. त्या रोज भेटणाऱ्या माणसाला दिसतात.

हे ओळखून उभा राहिलेला एक नमुना अमेरिकेतील आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन परिसरातील वृद्धांना शुश्रूषागृहात न धाडता घरीच राहता यावे म्हणून १९७१ मध्ये ‘ऑन लोक’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या कामातून पुढे ‘पेस’ नावाची देशव्यापी योजना आकाराला आली आणि १९९७ च्या कायद्याने तिला तेथील सरकारी आरोग्यविम्यात कायमचे स्थान मिळाले. शुश्रूषागृहात ठेवावे लागेल इतकी गरज असलेल्या, ५५ वर्षांवरील व्यक्ती तिच्यात येतात. दिवसा केंद्रात जेवण, व्यायाम, तपासणी. संध्याकाळी परत घरी. प्रत्येक व्यक्तीमागे संस्थेला दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि तिच्यातूनच औषधे, रुग्णालय, घरची मदत हे सारे भागवायचे असते, त्यामुळे एक पडणे टाळण्यासाठी भिंतीला दांडी बसवणे हा खर्च आपोआपच शहाणपणाचा ठरतो.

या योजनेतील मला सर्वांत लक्षणीय वाटणारी बाब आर्थिक नाही. निर्णय घेणाऱ्या चमूत कोण असावे हे नियमांनी ठरवून दिले आहे : डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ हे तर आहेतच, शिवाय अंग पुसणारी मदतनीस आहे आणि गाडीचा चालकही आहे. चालक कशाला, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने वृद्धांना ने-आण करणाऱ्या गाडीत एक फेरी मारावी. गेल्या आठवड्यापर्यंत स्वतः कडी लावून बाहेर येणाऱ्या आजींना आज पायरीवर हात द्यावा लागला, दारातले दूध तसेच होते, काल सांगितलेले नाव आज आठवले नाही, हे प्रथम त्यालाच दिसते. सकाळच्या बैठकीत या गोष्टी बोलल्या जाव्यात, चालकाचे म्हणणे नाडीच्या ठोक्यांइतकेच गांभीर्याने ऐकले जावे आणि त्यावरून त्याच दिवशी कोणीतरी घरी पोहोचावे, हे घडवून आणणे म्हणजे वैद्यकीय नेतृत्व. आपल्याकडे बैठकीत डॉक्टर बोलतात आणि बाकीचे माना डोलवतात. ती सवय येथे सरळसरळ घातक आहे.

अशा डॉक्टरची लेखणी लिहिण्याइतकीच खोडण्यासाठी चालली पाहिजे. रक्तातील क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आले म्हणून मूत्रपिंडे ठीक आहेत असे क्षीण वृद्धांबाबत मानता येत नाही, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि स्नायूच उरले नसतील तर मूत्रपिंडे थकलेली असूनही आकडा देखणा दिसतो. तो पाहून दिलेली नेहमीची मात्रा अंगावर येते. मधुमेहाचेही तसेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले, तेव्हा येथे हा प्रश्न घरोघरी आहे. पन्नाशीतल्या माणसाची साखर जितकी आवळून धरावी तितकी ८२ वर्षांच्या क्षीण माणसाची धरली, तर लाभ मिळायला लागणारी वर्षे पुढेच राहतात आणि साखर एकाएकी उतरून पडण्याचा धोका मात्र आजच उभा असतो. म्हणून अशांसाठी साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचे (एचबीए१सी) लक्ष्य आठ टक्क्यांच्या आसपास सैल सोडले जाते. बरेच मुलगे यावर नाराज होतात. आईची गोळी कमी केली म्हणजे उपचारात हयगय केली असे त्यांना वाटते. ते समजावणे हेही कामच.

आहाराच्या बाबतीत गोव्याचे उदाहरण बोलके आहे. दात गेले की काट्यांच्या भीतीने मासळी सुटते आणि दोन्ही वेळा उकड्या तांदळाची पेज व लोणच्याची फोड एवढ्यावर भागते. पेजेने पोट भरते, पण वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोंच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. काटे काढलेला मासा, अंडे, मुगागाठी, दही यांची भर घातल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही, आणि प्रथिनांवाचून व्यायामही फळत नाही.

या कामाला गोवा अपरिचित नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण केरळात १२.६ आणि गोव्यात ११.२ टक्के होते. राज्यांमध्ये गोवा दुसरा. डिमेन्शिया झालेल्यांच्या घरी जाऊन कुटुंबीयांना आधार देणाऱ्या उपक्रमाची शास्त्रीय चाचणी येथेच झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यांच्यामुळे कमी झाला. पुढे साठीपुढच्या १८१ गोवेकरांवरील दुसऱ्या चाचणीत अशाच समुपदेशकांची मदत मिळालेल्या गटात वर्षभरात ४.४ टक्के लोकांना नैराश्य आले, तर दुसऱ्या गटात १४.४४ टक्के. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी साप्ताहिक तपासणी व खिळलेल्यांसाठी गृहभेट अपेक्षित आहे. म्हणजे सुटे भाग पुष्कळसे हाताशी आहेत. त्यांना एका बैठकीत बसवणारा माणूस नेमलेला नसतो. शिवाय तपासणीला पोहोचायचे कसे, हा प्रश्न उरतोच. क्षीण आजोबांना पायलटच्या, म्हणजे भाड्याने नेणाऱ्याच्या, मोटारसायकलवर मागे बसवून नेणे ही काही वाहतूक व्यवस्था नव्हे.

पुन्हा डिचोलीच्या त्या आजींकडे जाऊ, मात्र पडण्यापूर्वीच्या. चमू असता तर मदतनीस बाईने सुजलेली पावले आणि वाढलेल्या रात्रीच्या खेपा एकाच दिवशी सांगितल्या असत्या. परिचारिकेने आधी निजवून आणि मग उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला असता. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला असता तर गोळ्यांचा विषय त्याच दुपारी निघाला असता. डॉक्टरांनी मूत्राशयाची गोळी आधी थांबवली असती, मग लघवीची, आणि ॲम्लोडिपिनऐवजी दुसरे औषध निवडून आठवडाभर रोजचा आकडा मागवला असता. पावसाळ्यापुरती खाटेजवळ शौच-लघवीसाठी भांड्याची खुर्ची आली असती. ती आजींना मुळीच आवडली नसती, आणि चार महिने ती चालवून घ्या म्हणून त्यांची समजूत घालायला बहुधा चालकालाच पाठवावे लागले असते.