साजातला मासा आणि ॲरिझोनाचं चिलखत

दोरा कुजून आमच्या घरातला कोल्हापुरी साज तुटला, तेव्हा पानं खोलीभर उधळली. एकवीसपैकी वीस लगेच सापडली, एकविसावं पंधरा दिवसांनी कपाटाखाली: मासा. तो घेऊन गुजरीत, म्हणजे कोल्हापुरातल्या सराफपेठेत गेलो आणि उगाच विचारलं, "हा आमच्याच साजातला कशावरून?" सोनारकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पुढनं बघून काय कळतंय? मासा सगळ्यांच्यात असतोय. उलटा करा." मग मागची कडी आणि आतली लाख इतर पानांशी ताडून त्यांनी निकाल दिला.

अकेनासूकस नावाच्या प्राण्याबद्दल वाचताना मला तो मासा आठवत राहिला. ट्रायासिक काळातला, साधारण 22 कोटी वर्षांपूर्वीचा हा छोटासा सरपटणारा प्राणी. जीवाश्म मिळाले अमेरिकेतल्या ॲरिझोनात. 1995 मध्ये त्याला अकेनासूकस जॉफ्रियाय हे नाव दिलं गेलं, तेव्हा हातात होत्या फक्त पाठीवरच्या हाडांच्या तबकड्या. अकेना म्हणजे काटा, सूकस म्हणजे मगर.

अशा तबकड्या कशा दिसतात ते पाहायला ॲरिझोनाला जायला नको. कृष्णा-वारणेच्या काठावर मगर ऊन खात पडलेली दिसते, तिच्या पाठीवरचे उंचवट्यांचे पट्टे बघा. वरून खवले, पण त्याखाली कातडीतच तयार झालेली हाडं असतात. त्यांना ऑस्टिओडर्म म्हणतात. प्राणी मेला, कातडी कुजली की ती सुटी होऊन विखुरतात, अगदी साजाच्या पानांसारखी. मात्र असतात टणक, म्हणून बाकी सांगाडा गेला तरी ती राहतात. जीवाश्म शोधणाऱ्याचं नशीब आणि डोकेदुखी, दोन्ही यातच.

अकेनासूकसवरून तीन मतं होती. कोणी म्हणे, हा एटोसॉर आहे: म्हणजे मगरींच्या दूरच्या भावकीतला, अंगभर चिलखत घातलेला, ट्रायासिकबरोबरच संपलेला गट. कोणी म्हणे, ही वेगळी जातच नाही, डेस्माटोसूकस या धिप्पाड एटोसॉरचं पिल्लू आहे. तिसरे म्हणत, हा एटोसॉरच नव्हे. वंशावळ मांडायला बसलं की रमीतल्या जोकरासारखा हा प्राणी कुठंही लागायचा.

पिल्लू की प्रौढ, हा प्रश्न तबकडीच्या आतूनच सुटला. तबकडीचा काप घ्यायचा, प्रकाश आरपार जाईल इतका घासून पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. वाढ मंदावते तेव्हा हाडात एक रेघ उमटते, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी. झपाट्यानं वाढणाऱ्या पिलाच्या हाडात रक्तवाहिन्यांच्या पोकळ्यांची गर्दी असते. अकेनासूकसच्या कापात रेघा एकापेक्षा जास्त निघाल्या आणि पोकळ्या कमी. म्हणजे वाढ जवळपास पुरी झालेला, मुळात बुटकाच प्राणी. पिल्लाची गोष्ट तिथंच बारगळली.

मग मासा उलटा करायची वेळ आली. पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात, जिथं झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत, तिथून नवी हाडं मिळाली: कवटीचे भाग, मणके, हातापायांची हाडं. जीवाश्मतज्ज्ञ ॲडम मार्श आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये त्यांचं वर्णन छापलं. सुटी हाडं याच प्राण्याची हे कसं ठरवायचं? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. तबकड्यांवर एकमेकींत मिसळणाऱ्या कंगोऱ्यांची आणि खाचांची जाळी आहे, आणि कवटीच्या हाडांवरही हुबेहूब तीच. एकाच कारागिराचा हात ओळखावा तसं.

हातपाय मात्र रेव्हुएल्टोसॉरस नावाच्या दुसऱ्याच एका ट्रायासिक प्राण्यासारखे निघाले. या बिचाऱ्याची कथा आणखी गमतीची. 1989 मध्ये फक्त दातांवरून त्याला शाकाहारी डायनासोर ठरवलं होतं. पुढं याच उद्यानात सांगाडे मिळाले आणि 2005 मध्ये तो मगरींच्या बाजूला जाऊन बसला.

सगळी लक्षणं एकत्र मांडल्यावर अकेनासूकसचं सर्वात जवळचं नातं जुळलं ते अमेरिकेतल्याच व्हर्जिनियात सापडलेल्या युस्कोलोसूकस या प्राण्याशी. दोघं मिळून एटोसॉरच्या शेजारच्या फांदीवर. शेजारच्या, त्याच फांदीवर नव्हे. म्हणजे जी नक्षी फक्त एटोसॉरची मक्तेदारी समजली जात होती, ती चुलत्यांच्या घरातही होती. नुसत्या तबकडीवरून "हा एटोसॉर" म्हणणं त्यामुळं धोक्याचं झालं.

कोल्हापुरात असलं काही सापडायची आशा नाही. पायाखालचा काळा दगड हा जेमतेम साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पण गडचिरोलीत सिरोंच्याला प्राणहिता ओलांडली की पलीकडं तेलंगणात ट्रायासिकचे लाल मातकट खडक उघडे पडलेत. त्या खोऱ्यातल्या एका एटोसॉरला 2023 मध्ये नाव मिळालं: व्यंकटसूकस आर्माटम. आर्माटम म्हणजे चिलखतधारी.