बॉयलरच्या खाद्यात औषध शिरलं कसं?

कोल्हापुरात पाहुणा आला की तांबडा-पांढरा होतोच. मटणाचा दर बघून एरवी मात्र घरात 'बॉयलर' शिजतो. ब्रॉयलर म्हणायचं कष्ट आपण कधी घेतलेच नाहीत. या पक्ष्याच्या खाद्यात अँटिबायोटिक आलं ते आजार बरा करायला नव्हे, वजनासाठी.

१९४८ च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड कोंबड्यांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला. पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त भरली, कारण चोथ्यात थोडं औषध राहिलं होतं. १९५१ मध्ये तिकडे खाद्यात औषध मिसळायला रीतसर परवानगीही मिळाली. गंमत म्हणजे, मात्रा अपुरी पडली तर जंतू औषधाला निबर होतात, असं पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल भाषणात बजावलं होतं. खाद्यात पडत होती नेमकी तशीच चिमूटभर मात्रा, तीही रोज.

त्याचा पुरावा बोस्टनजवळच्या एका फार्मवर मिळाला. स्टुअर्ट लेव्ही या संशोधकाने तिथे कोंबड्यांना टेट्रासायक्लिन गटातलं औषध मिसळलेलं खाद्य दिलं. आठवड्याभरात त्यांच्या आतड्यातले ई. कोलाय नावाचे जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले, आणि काही महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या घरच्या माणसांच्या पोटातही तसेच जंतू सापडले. हा अभ्यास १९७६ चा. युरोपीय संघाने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स पूर्ण बंद केली ती २००६ मध्ये.

आपल्याकडे कुक्कुटपालन करार पद्धतीने पसरलं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि राबणं शेतकऱ्याचं. सहा आठवड्यांत लॉट उचलला जातो आणि पैसे किलोवर मिळतात. मर वाढली की खिसा कापला जातो, म्हणून पाण्यात एक पुडी जास्तच पडते. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण खाद्याच्या पोत्यात काय मिसळलंय हे त्याने ठरवलेलं नसतं.

कोलिस्टिनची गोष्ट तर त्याहून विचित्र. अतिदक्षता विभागात बाकीची औषधं हरली की डॉक्टर हे काढतात. पोल्ट्रीत ते सर्रास चालत होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जगासमोर आणलं. ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारतं आणि कोलिस्टिन निकामी करतं. जुलै २०१९ मध्ये भारताने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना आणि कोंबड्यांना ते देण्यावर बंदी घातली.

चिकन नीट शिजलं की जंतू मरतात, त्यामुळे रश्श्याला घाबरायचं कारण नाही. कच्चं चिकन कापलेल्या पाटावरच कोशिंबिरीची काकडी चिरू नये, एवढं सांभाळावं. बोलायचं राहतं ते शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरलेल्या तुसाबद्दल. लॉट गेला की विष्ठेसकट तो तूस कोंबडी खत म्हणून उसाच्या सरीत पडतो. ते खत नीट कुजवलेलं नसेल तर त्यातले निबर जंतू रानात पोचतात आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याबरोबर पुढे पंचगंगेकडे निघतात.