भोवऱ्यांची वाटणी

खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुणेकरांच्या मोबाइलवर क्युसेकचा आकडा येतो आणि भिडे पूल बुडाला का, याची चौकशी सुरू होते. पण तो आकडा सबंध प्रवाहाचा. पुलाच्या खांबामागे पाणी एका जागी संथ गरगरतं आणि हातभर अंतरावर एकाएकी उसळतं, त्याचा पत्ता क्युसेकमध्ये लागत नाही.

अशा खळबळत्या प्रवाहाबद्दल रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव यांचा १९४१ चा सिद्धांत असा: मोठे भोवरे फुटून लहान होतात, ते फुटून आणखी लहान. शेवटी, मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक भोवऱ्यांत, पाण्याच्या चिकटपणामुळे ऊर्जेची उष्णता होते. ही ऊर्जा सगळीकडे सारखीच जिरते, असं त्यात गृहीत होतं. भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ यांना ते तेव्हाच खटकलं होतं. १९४९ मध्ये बॅचलर आणि टाउनसेंड यांच्या प्रयोगांत दिसलं की बारीक भोवरे सर्वत्र नसतातच. मध्येच जोरदार झटका, मग शांतता. हीच इंटरमिटन्सी.

ती मोजायची कशी? दोन बिंदूंमधल्या वेगांचा फरक घ्यायचा, त्याचा घात करायचा, सरासरी काढायची आणि अंतराबरोबर ती कशी वाढते ते पाहायचं. घात जितका मोठा, तितके दुर्मीळ झटके ठळक होतात. कोल्मोगोरोवच्या हिशेबाने सहाव्या घाताची सरासरी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढायला हवी, म्हणजे घातांक २ यायला हवा. प्रयोगांत तो १.७८ च्या आसपास येतो. फरक किरकोळ वाटेल, पण सगळी मेख त्यातच आहे.

१९८७ मध्ये मेनेव्हो आणि श्रीनिवासन यांनी सुचवलेलं प्रारूप मला सगळ्यात आवडतं, कारण ते कागदावर करून बघता येतं. भावाभावांत शेताची वाटणी व्हावी तसा भोवरा दोन तुकड्यांत फुटतो, पण वाटणी असमान: एकाला ७० टक्के ऊर्जा, दुसऱ्याला ३०. दहा पिढ्यांत १०२४ तुकडे होतात. दरवेळी मोठा वाटा मिळालेल्याकडे सरासरीच्या सुमारे २९ पट ऊर्जा, तर दरवेळी डावललेल्याकडे सरासरीच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्या साध्या नियमातून प्रयोगातले झटके बऱ्यापैकी हुबेहूब उतरतात!

या घातांकांसाठीचं १९९४ चं शी आणि लेव्हेक यांचं सूत्र त्याहून नेमकं आहे. सहाव्या घाताला ते बरोबर १.७८ देतं. मात्र यातलं काहीच प्रवाहाच्या मूळ नेव्हिए-स्टोक्स समीकरणांतून अजून सिद्ध झालेलं नाही.

असेच भोवरे ढगांतल्या हवेतही असतात. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमानं ढगांत नेऊन मोजमापं घेतली आहेत. ढगातले थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात, आणि त्यात या झटक्यांचा हात किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.