मधमाशी कशामुळे वाचते: वेगळ्या लक्ष्यामुळे की वेगळ्या विकरामुळे?

एखादे कीटकनाशक मधमाशीसाठी सुरक्षित आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्या विधानामागे दोन अगदी भिन्न कारणे असू शकतात. ते रसायन ज्या प्रथिनावर, म्हणजे आपल्या लक्ष्यावर, बसून किडीला मारते, त्या प्रथिनाची मधमाशीतील घडण वेगळी असल्यामुळे ते तिथे नीट बसत नसेल. किंवा ते मधमाशीच्या प्रथिनावरही तितकेच घट्ट बसत असेल, पण त्याआधीच तिच्या शरीरातील विकरे (एन्झाइम) त्याचे विघटन करत असतील. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांवरून कीटकनाशके घडवण्याची चर्चा बहुधा पहिल्या कारणाभोवती फिरते. सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र दुसऱ्याचे आहे.

इमिडाक्लोप्रिड आणि थायाक्लोप्रिड ही दोन्ही निऑनिकोटिनॉइड गटातील रसायने कीटकांच्या मज्जासंस्थेतील निकोटिनिक अ‍ॅसिटिलकोलिन ग्राहीवर (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनावर) काम करतात आणि मधमाशीच्या ग्राहीला ती जवळपास सारखीच घट्ट चिकटतात. तरीही पोटात गेलेले इमिडाक्लोप्रिड काही नॅनोग्रॅम असले तरी मधमाशीला घातक ठरते, तर थायाक्लोप्रिडची घातक मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजार पटींहून अधिक आहे. केवळ ग्राहीची रचना न्याहाळणाऱ्याला हा फरक कधीच उमगला नसता. त्याचा उलगडा २०१८ मध्ये झाला: बाहेरून आलेली रसायने फोडणाऱ्या सायटोक्रोम पी४५० या विकर-कुळातील, सीवायपी९क्यू उपकुळातले सीवायपी९क्यू३ हे मधमाशीचे विकर थायाक्लोप्रिड झपाट्याने फोडते, इमिडाक्लोप्रिड मात्र त्याला फारसे फोडता येत नाही.

हे संरक्षण खरे असले तरी ते सशर्त आहे. अ‍ॅझोल गटातील काही बुरशीनाशके याच कुळातील विकरांना अडवतात, त्यामुळे दोन्ही फवारे एकत्र आले की थायाक्लोप्रिडची विषारीता वाढते. शिवाय पाने कातरून घरटे बांधणाऱ्या मेगाकायली रोटुंडाटा या एकांड्या माशीत सीवायपी९क्यू उपकुळातील विकरेच नाहीत, आणि पाळल्या जाणाऱ्या इतर माश्यांच्या तुलनेत ती थायाक्लोप्रिडला २,५०० पटींहून अधिक संवेदनशील आहे. ‘मधमाशी-सुरक्षित’ या शब्दातली मधमाशी नेमकी कोणती, हे म्हणूनच विचारावे लागते.

लक्ष्याच्या वेगळेपणाकडे वळल्यास डायअमाइड गटाचे उदाहरण बोलके आहे. क्लोरँट्रानिलिप्रोलसारखी ही रसायने स्नायूंमधील कॅल्शियम सोडणारा रायानोडिन ग्राही उघडा ठेवतात. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात या ग्राहीच्या ४७९० व्या स्थानी आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल असते, तर फळमाशीत त्याच जागी मेथिओनिन असते. फळमाशीत तिथे मुद्दाम आयसोल्यूसिन बसवल्यावर तिची डायअमाइडबाबतची संवेदनशीलता वाढली. म्हणजे संपूर्ण प्रथिन नव्हे, तर रसायन जिथे बसते त्या पोकळीतील एक अमिनो आम्लही निवडक परिणामाला हातभार लावू शकते, आणि रचनेवर आधारलेल्या आराखड्याची सारी आशा अशाच जागांवर असते.

गोम अशी की पतंगाला नेमकी हीच वाट सापडली आहे. डायअमाइडला दाद न देणाऱ्या पतंगांत आढळलेल्या उत्परिवर्तनांपैकी एक ४७९० व्या स्थानीच असून त्यात आयसोल्यूसिनच्या जागी मेथिओनिन येते; इतर कीटकांना जन्मजात लाभलेले वेगळेपण किडीने एका बदलात कमावले. म्हणून आराखडा करणाऱ्याला मधमाशी आणि कीड यांच्यात भिन्न असलेली जागा शोधून थांबता येत नाही. जिथे बदल केल्यास किडीचा ग्राहीच निकामी व्हावा, अशी जागा त्याला निवडावी लागते.