ॲरे आणि अट (शेअर-चार्टच्या सूत्रभाषांतील)

शेअर-चार्टच्या प्रणालींमध्ये निर्देशक आणि खरेदी-विक्रीचे संकेत लिहिण्यासाठी ज्या सूत्रभाषा वापरतात, त्यांत ‘बंद भाव’ म्हणजे एक आकडा नसतो. प्रत्येक बारला, म्हणजे प्रत्येक कँडलला, एक याप्रमाणे ती आकड्यांची अखंड ओळ असते. तिला ॲरे किंवा सरणी म्हणतात. ओळीला घातलेली अट आणि एका आकड्याला घातलेली अट यांची गल्लत झाली की जे दोष निर्माण होतात, त्यांचा विचार येथे मुख्यतः अमिब्रोकर प्रणालीच्या एएफएल भाषेच्या आधारे केला आहे. कँडल, सरासरी, स्टॉपलॉस या संज्ञा वाचकाला परिचित आहेत असे धरले आहे.

सबंध ओळीवर एका दमात क्रिया करण्याच्या पद्धतीची वंशावळ दोन प्रकारे लावता येते. पहिली केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या एपीएल भाषेपर्यंत जाते. शून्य आणि एक यांच्या ओळीने दुसऱ्या ओळीतील घटक निवडणे ही कल्पना तेथे पूर्ण रूपात आढळते. दुसरी वंशावळ स्प्रेडशीटची. व्हिझीकॅल्क १९७९ मध्ये बाजारात आले आणि पुढे स्प्रेडशीटमधून ‘अट, खरी असल्यास हे, खोटी असल्यास ते’ असा तीन जागांचा साचा हिशेबनिसांच्या अंगवळणी पडला. साधारण १९८० च्या दशकात पुढे आलेल्या मेटास्टॉक या चार्ट-प्रणालीची सूत्रभाषा या धर्तीवर बेतलेली आहे. एएफएलमधील एचएचव्ही, एलएलव्ही, रेफ, क्रॉस, बार्ससिन्स, व्हॅल्यूव्हेन ही फंक्शने मेटास्टॉकमध्येही याच नावांनी आहेत. हा पुरावा पाहता दुसरी वंशावळ अधिक जवळची वाटते, एपीएलचा वारसा अप्रत्यक्ष मानावा. याच काळात अमेरिकेतील ओमेगा रिसर्च या कंपनीची इझीलँग्वेज ही सूत्रभाषा मात्र वेगळ्या वाटेने गेली. तिच्यात स्क्रिप्ट एकेका बारवर पुन्हा पुन्हा चालते. त्यामुळे ‘इफ’ (जर) या आदेशाला नेहमी एकाच बारचा भाव दिसतो.

अमिब्रोकर पोलंडचे तोमाश यानेच्को यांनी प्रथम अमिगा संगणकासाठी १९९५ मध्ये तयार केले. नावातील पहिली तीन अक्षरे त्या संगणकाची खूण आहेत. विंडोजवरील सुरुवातीच्या आवृत्त्यांत एएफएलमध्ये लूप (तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणारी रचना) नव्हते आणि इफ-एल्सही नव्हते, अटीचे सारे काम आयआयएफ हे त्याच तीन जागांच्या साच्याचे फंक्शन करी. ४.४० या आवृत्तीपासून, म्हणजे २००३ च्या सुमारास, सी भाषेच्या वळणाचे इफ, फॉर आणि व्हाइल आले. अशा रीतीने एकाच भाषेत दोन पिढ्यांच्या दोन अटी शेजारी नांदू लागल्या. नवशिक्याच्या चुकीला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. चुकीचे मूळ भाषेच्या या थरांत आहे.

समजा, पाच दिवसांचे बंद भाव १०१, १०४, १०३, १०७, १०६ आहेत. ‘आजचा बंद कालच्या बंदपेक्षा वर आहे का?’ या प्रश्नाला पाच उत्तरे येतात : रिकामे, १, ०, १, ०. पहिले रिकामे, कारण त्याला ‘काल’ नाही. आयआयएफला ही पाचही उत्तरे चालतात. ते उत्तरानुसार जागोजागी हिरवा किंवा लाल रंग ठेवून रंगांची ओळ परत देते. इफला मात्र एकच हो किंवा नाही हवे असते, म्हणून एएफएल ६ क्रमांकाची चूक दाखवते : अट संख्या किंवा बुलियन (खरे-खोटे) असावी, येथे ॲरे चालणार नाही, चौकटी कंस वापरून एक घटक घ्या. हा संदेश उपकारकच म्हटला पाहिजे. आर या सांख्यिकी भाषेत अशा अटीला बराच काळ नुसता इशारा मिळे आणि पहिल्या घटकावर निर्णय होई. २०२२ मधील ४.२.० आवृत्तीपासून तेथेही ती चूक ठरली.

खरा धोका संदेश गप्प करण्यात आहे. बरेच जण अट लास्टव्हॅल्यू या, ओळीतील शेवटची किंमत देणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळतात. चूक नाहीशी होते आणि सूत्र चालू लागते, पण आता पाच उत्तरांपैकी फक्त शेवटचे उरले आहे. वरील उदाहरणात १०६ हा १०७ पेक्षा खाली असल्याने पाचही बार लाल होतात. उद्या भाव १०९ ला बंद झाला की मागचे सगळे हिरवे! अशा सूत्राची बॅकटेस्ट (जुन्या भावांवर घेतलेली चाचणी) पूर्णपणे निरर्थक असते, कारण शेवटच्या दिवसाची माहिती पहिल्या दिवसाच्या निर्णयात शिरलेली असते. हा दोष ओळखण्याची सोपी खूण म्हणजे नवा बार आल्यावर जुने संकेत बदलणे.

आयआयएफचेही स्वतःचे दोष आहेत. ते किंमत परत देते, आदेश पाळत नाही. त्यामुळे ‘आयआयएफ(अट, क्ष = ७, क्ष = ९)’ हे चूक आणि ‘क्ष = आयआयएफ(अट, ७, ९)’ हे बरोबर. अट कशीही असो, दोन्ही बाजू मोजल्या जातात. मजकूर हवा असल्यास राइटइफ वापरावे लागते. तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे लागतात, एकाने किंमत नेमली जाते.

सर्वांत अवघड प्रकार स्वतःच्या कालच्या किंमतीवर उभ्या असलेल्या ओळींचा. ट्रेलिंग स्टॉप, म्हणजे भावामागे फक्त वर सरकणारा स्टॉपलॉस, तसेच आपल्याकडे फार लोकप्रिय असलेला सुपरट्रेंड हा निर्देशक, हे याच जातीचे. ‘स्टॉप’ या चलाची व्याख्या करतानाच रेफने त्याची कालची किंमत मागितली, तर चल अजून अस्तित्वातच नसल्याची तक्रार येते. सूत्रात त्याआधी ‘स्टॉप = ०’ लिहिले की तक्रार थांबते, पण रेफला सर्वत्र शून्यच मिळते. भाव शून्याच्या वर आहे ही अट सदैव खरी ठरते आणि स्टॉपची रेषा भावाबरोबर खालीही घसरू लागते. चार्टवर ती दिसायला ठीकठाक दिसते. येथे लूपला पर्याय नाही. तो १ पासून सुरू करावा, कारण ० क्रमांकाच्या बारमागे उणे एक हा बार नसतो आणि मर्यादेबाहेरच्या घटकाची, म्हणजे १० क्रमांकाची चूक येते. लूपची वरची मर्यादा ३०० अशी ठोक लिहिली, तर नुकत्याच नोंदलेल्या शेअरवर हीच चूक उद्भवते. मर्यादा बारकाउंटवरूनच, म्हणजे बारांच्या प्रत्यक्ष संख्येवरूनच, घ्यावी.

वेळेच्या अटीत चूक ॲरेची नसून बारवरील वेळेच्या शिक्क्याची असते. मुंबईच्या दोन्ही शेअरबाजारांत व्यवहार ९:१५ ते ३:३० चालतात, म्हणजे ३७५ मिनिटे किंवा पाच मिनिटांचे ७५ बार. टाइमनम हे फंक्शन बारची वेळ आकड्यात देते, म्हणून ‘टाइमनम बरोबर ९१५००’ (९ वाजून १५ मिनिटे ०० सेकंद) ही अट पहिला बार पकडेल असे वाटते. पण बारवर त्याच्या कालखंडाच्या शेवटची वेळ छापण्याची मांडणी निवडली असेल, तर त्या बारवर ९१९५९ असते आणि अट दिवसभरात एकदाही खरी होत नाही. कालच्या बारपेक्षा तारीख बदलली का, हे पाहणे अधिक भरवशाचे.

शोधाची उत्तम रीत म्हणजे अट सुटी करून पाहणे. जोडअटीचा प्रत्येक तुकडा वेगळ्या चलात ठेवून एक्सप्लोरेशनमध्ये (अमिब्रोकरच्या तक्ता काढण्याच्या सोयीत) ॲडकॉलमने त्याचा स्तंभ काढला, की शून्य-एकांची ओळ तारखेनिशी समोर येते. जो स्तंभ शेवटपर्यंत शून्य राहतो, दोष त्यात असतो.

ट्रेडिंगव्ह्यू या चार्ट-संकेतस्थळाच्या पाइन स्क्रिप्ट भाषेत स्क्रिप्ट बार-बार चालत असल्याने साधा इफ बिनतक्रार चालतो. तेथे ‘ॲरे’ हा शब्दही वेगळ्या अर्थाचा आहे : भावांच्या ओळीला सिरीज म्हणतात, आणि २०२० मध्ये आलेले ॲरे हे निराळे साठवण-साधन आहे. मात्र इफच्या आत सरासरीचे फंक्शन लिहिल्यास ते केवळ अट खरी असलेल्या बारवरच चालते, मधले भाव त्याच्या स्मरणात राहत नाहीत आणि सरासरी चुकते. कंपायलर याचा इशारा देतो. सरासरी इफच्या बाहेर काढून आत तिची फक्त किंमत वापरावी.