कौटुंबिक हिंसाचार : आधार व हस्तक्षेप सेवा (सोलापूर)

घरच्याच माणसांकडून छळ सोसणाऱ्या बाईला सुरक्षित राहता यावे म्हणून शेजारी, वस्ती, संघटना आणि शासन यांच्याकडून मिळणारी मदत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा या मदतीचा मुख्य आधार. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. या कायद्यात छळ म्हणजे नुसती मारहाण नव्हे. लैंगिक बळजबरी, टोमणे व शिवीगाळ, स्त्रीधन अडकवून ठेवणे, कमाई काढून घेणे, घरखर्च बंद करणे, हे सगळे त्यात येते. पत्नीखेरीज आई, बहीण, मुलगी, विधवा सून आणि लग्नाविना एकत्र राहणारी स्त्रीही दाद मागू शकते.

सोलापुरात हा प्रश्न घराच्या उंबऱ्याशी विशेष जोडलेला आहे. पूर्व भागातल्या हजारो बायका घरीच विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पाने, तंबाखू आणि दोऱ्याचे रीळ. वळून झाले की माल कारखान्यात देऊन यायचे. अशा बाईला नवऱ्याने रात्री घराबाहेर काढले, तर निवारा आणि रोजगार दोन्ही एकाच दाराआड राहतात. म्हणून कायद्यातले कलम 17 आणि 19 इथे सर्वांत मोलाचे मानायला हवेत. घर कोणाच्याही नावावर असो, सामायिक घरात, म्हणजे ती नवऱ्यासोबत किंवा घरच्यांसोबत राहते वा राहिली त्या घरात, राहण्याचा तिला हक्क आहे आणि न्यायालय तसा निवास आदेश देऊ शकते. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहत महिला विडी कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने उभारली. तिथल्या 10,000 घरांचा ताबा 2006 मध्ये देण्यात आला. बाई स्वतः संस्थेची सभासद असली, की ‘निघ माझ्या घरातून’ हे वाक्य उच्चारणे तितके सोपे राहत नाही. हिंसाचार रोखण्याच्या कामात घरकुलाची गणना सहसा होत नाही. ती व्हायला हवी.

मदतीची सुरुवात क्वचितच पोलीस चौकीत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) देशभरातील शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. पहिल्यांदा कळते ते भिंतीपलीकडच्या बाईला, अंगणवाडी सेविकेला, आशाताईला. कलम 4 नुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवू शकतो, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. रात्रीबेरात्री 112 किंवा महिला हेल्पलाइन 181 वर फोन करता येतो. सिव्हिलमध्ये जखम दाखवताना ‘पाय घसरून पडले’ हे उत्तर डॉक्टर-नर्सना नवीन नाही. घाई न करता, सोबतच्या माणसांना बाहेर थांबवून पुन्हा विचारणे हाही हस्तक्षेपच आहे.

संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल, म्हणजे छळाची अधिकृत नोंद, भरतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतो. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर योजनेत (2015 पासून) तात्पुरता निवारा, औषधोपचार, पोलिसांची मदत, समुपदेशन आणि कायदेशीर सल्ला एका छताखाली मिळावा अशी रचना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पहिली सुनावणी साधारणपणे 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि तेवढे दिवस बाई माहेरी भावा-भावजयीच्या तोंडाकडे बघत काढते. कलम 23 खालचा अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश अर्जासोबतच मागायचा तो यासाठी.

सोलापूर हा सीमेवरचा जिल्हा. अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या लेकी विजयपूर, कलबुर्गीकडे दिलेल्या असतात आणि तिकडच्या इकडे येतात. अर्ज सासरच्याच गावी करावा लागतो हा समज चुकीचा आहे. बाई सध्या जिथे राहते तिथेही तो करता येतो आणि आदेश देशभर चालतो. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या बाईचे म्हणणे तिच्या भाषेत ऐकून घेणारे माणूस समोर असणे इथे गरजेचे आहे. जावेने किंवा दिराने दुभाष्याचे काम केले, तर अहवालात त्यांचेच म्हणणे उतरते.

समुपदेशनात सर्वांत जास्त घोटाळा ‘नांदवणे’ या शब्दाने होतो. वडीलधारी, पंच, कधीकधी पोलीससुद्धा बाई परत नांदायला गेली की प्रकरण मिटले असे समजतात. या कायद्याच्या 2006 च्या नियमावलीतला नियम 14 वेगळे सांगतो : समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला) नाही. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला’ हे तिथे ऐकून घ्यायचे नसते. तडजोडीचा प्रयत्नही बाईची इच्छा असेल तरच.

संरक्षण आदेश, म्हणजे छळ करू नये असा न्यायालयाचा हुकूम, मोडणे हा कलम 31 खाली गुन्हा आहे. 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत मोफत मिळते आणि संबंधित पोलीस ठाण्यालाही जाते. आपली प्रत घरातल्या कपाटात एकटीच ठेवू नये. एक झेरॉक्स शेजारी, एक माहेरी द्यावी.