दुसऱ्या पक्षात सोयरीक

तुमच्या मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न जमवलं तर तुम्हाला वाईट वाटेल का? १९६० साली अमेरिकेतल्या एका पाहणीत असा प्रश्न विचारला, तेव्हा शंभरातल्या जेमतेम पाच जणांनी नाक मुरडलं. २०१० साली जवळपास तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी निम्म्या रिपब्लिकनांनी आणि एकतृतीयांश डेमोक्रॅटांनी अशी सोयरीक आपल्याला रुचणार नाही असं सांगितलं. सोयरीक म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. माणूस कुणाला आपलं मानतो, याचं इतकं खरं माप दुसरं नसेल.

अमेरिकी राजकारणातली सभ्यता संपली, तडजोड संपली, असं आपण नेहमी वाचतो आणि खापर बहुधा एखाद्या नेत्याच्या जिभेवर फुटतं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. धोरणावरचा मतभेद वेगळा आणि समोरच्या पक्षाच्या माणसाचा तिटकारा वेगळा. या तिटकाऱ्याला अभ्यासक ‘भावनिक ध्रुवीकरण’ म्हणतात आणि तो मोजताही येतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले शांतो अय्यंगार आणि त्यांचे सहकारी शॉन वेस्टवुड यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. लोकांसमोर दोन शाळकरी मुलांचे अर्ज ठेवले आणि शिष्यवृत्ती कुणाला द्यायची ते ठरवायला सांगितलं. अर्जात गुण होते, शाळेतले उपक्रम होते आणि त्यातच एक ओळ होती: एक मुलगा तरुण डेमोक्रॅटांच्या मंडळाचा अध्यक्ष, दुसरा तरुण रिपब्लिकनांच्या. शिष्यवृत्तीचा राजकारणाशी काडीचाही संबंध नव्हता. तरी साधारण ८० टक्के लोकांनी आपल्याच पक्षाचा मुलगा निवडला. मग दुसऱ्याचे गुण वाढवून पाहिले, तरी बहुतेकांचा कौल बदलला नाही. आपला तो बाब्या! पक्षाऐवजी अर्जातून वर्ण सूचित केला, तेव्हा मात्र निवड इतकी एकतर्फी झाली नाही. अय्यंगार यांचं स्पष्टीकरण मला पटतं. वर्णद्वेष उघड दाखवायला आज माणूस कचरतो, पण पक्षद्वेषाबद्दल त्याला कुणी टोकत नाही.

याची मुळं माणसाच्या मनात खोल आहेत. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचं जवळजवळ सगळं कुटुंब नाझींनी संपवलं होतं. गटद्वेष कशातून उगवतो, हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. १९७० च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या १४-१५ वर्षांच्या मुलांना दोन चित्रकारांची, क्ले आणि कँडिन्स्की यांची चित्रं दाखवली. ‘तुला क्ले आवडतो, तू या गटात’ असं एकेकाला सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मग इतर मुलांना पैसे वाटायला दिले. दोन्ही गटांना भरपूर मिळेल असा पर्याय समोर होता, तरी मुलांचा ओढा दुसऱ्याला आपल्याहून कमी मिळावं याकडे दिसला, मग आपल्या गटाला थोडं कमी पडलं तरी बेहत्तर. ना भांडण, ना इतिहास, ना ओळख. एक चिठ्ठी पुरली.

पण मन तर पूर्वीही असंच होतं. मग ही कटुता आताच का? कारण पूर्वीचे पक्ष आतून मिश्र होते. दक्षिणेतले सनातनी गोरे डेमोक्रॅट आणि उत्तरेतले कामगार डेमोक्रॅट एकाच छताखाली होते, तर ईशान्येकडचे उदारमतवादी रिपब्लिकन होते. १० जून १९६४ रोजी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क विधेयकावर लांबलचक भाषणांनी चाललेला अडवणुकीचा खेळ मोडण्यासाठी सिनेटमध्ये मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर एंगल यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं गेलं. मेंदूतल्या गाठीमुळे त्यांची वाचा गेली होती. नाव पुकारल्यावर त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे बोट केलं. डोळा म्हणजे ‘आय’, आणि होकारालाही इंग्रजीत ‘आय’च म्हणतात. विधेयक पुढे ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झालं. बाजूने ४६ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन होते.

त्या जुन्या सलोख्याचे मी गोडवे गाणार नाही. लिंचिंगविरोधी, म्हणजे जमावाने माणसाला ठार मारण्याविरुद्धचा, कायदा याच सिनेटने कित्येक दशकं अडवला, तो व्हायला २०२२ साल उजाडलं. त्या सौजन्याची किंमत काळ्या लोकांनी मोजली.

१९६४ नंतर मात्र चाळणी लागली. धर्म, वर्ण, गाव की शहर, सगळं हळूहळू पक्षाच्या रेषेवर येऊन बसलं. पूर्वी राजकीय विरोधक निदान चर्चमध्ये किंवा कामगार संघटनेत भेटायचा, आता तिथेही भेटेनासा झाला. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याला अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकनाने मत दिलं नाही, तर २०१७ च्या करकपातीला एकाही डेमोक्रॅटाने नाही.

न भेटणाऱ्या माणसाचं चित्र मग मनातच रंगतं. डग्लस अहलर आणि गौरव सूद यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारलं, वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारे रिपब्लिकन किती? डेमोक्रॅटांचा अंदाज होता ४४ टक्के. खरा आकडा होता सुमारे २. डेमोक्रॅटांपैकी समलिंगी, उभयलिंगी वगैरे किती, यावर रिपब्लिकनांनी सांगितलं ३८ टक्के. प्रत्यक्षात होते ६ च्या आसपास. ज्याचा राग यायचा तो शेजारी असा मुळात अस्तित्वातच नव्हता. हे आकडे वाचून मी बराच वेळ थांबलो.

म्हणून प्रतिनिधिगृहाची २०१९ मधली एक छोटी समिती मला महत्त्वाची वाटते. संसदेचं कामकाज सुधारण्यासाठी नेमलेल्या या समितीत दोन्ही पक्षांचे सहा-सहा सदस्य होते. अध्यक्ष डेरेक किल्मर डेमोक्रॅट, उपाध्यक्ष टॉम ग्रेव्हज रिपब्लिकन. एरवी समित्यांमध्ये एक पक्ष एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला बसतो. इथे सदस्यांना आलटून पालटून, मांडीला मांडी लावून बसवलं. दोनतृतीयांश मतांशिवाय शिफारस होणार नाही असा नियम होता, तरी २०२२ च्या अखेरीपर्यंत २०२ शिफारशी निघाल्या. बसण्याच्या या रचनेचं कारण किल्मर साधं सांगत. साक्षीदार काही नवं बोलला की माणूस सहज शेजारच्याकडे झुकून ‘हे तुला माहीत होतं?’ असं विचारतो, आणि इथे तो शेजारी दुसऱ्या पक्षाचा असायचा.